जांघेत कळ येते, तरी फुलपाखरू करत राहू का?

पत्र आलंय म्हापशाहून. थोडं आखडतं घेऊन देते:

"ताई, माझं वय 41, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्ची. डिसेंबरपासून मैत्रिणीबरोबर मांद्रेच्या बाजूला किनाऱ्यावर शनिवार-रविवार योगा क्लासला जात होते. तिथे हिप ओपनिंगवर खूप भर. फुलपाखरूत, म्हणजे तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडून, बसलं की माझे गुडघे वरच राहतात, मग टीचर मागून येऊन दोन्ही गुडघे हातांनी खाली दाबायचे आणि म्हणायचे, सोड, सगळं टेन्शन हिपमध्ये साठलेलं असतं, बाहेर येऊ दे. मार्चमध्ये कपोतासन (पिजन पोझ, एक पाय पुढे दुमडून दुसरा मागे लांब) करताना उजव्या जांघेत टच्कन कळ आली. आता सीझन संपला, क्लास बंद, मी घरी व्हिडिओ बघून करते. पण नवऱ्याच्या बाईकवर मागे बसायला पाय टाकला की तीच कळ, गाडीतून अर्ध्या तासाने उतरलं की तीच. उजवा गुडघा पण आतून ठणकतो. मैत्रीण म्हणते दुखणारच, हिप ओपन होतायत. माझी आई सत्तरीची, अजून आदोळीवर (फळीच्या विळीवर) बसून नारळ कातते आणि पटकन उठते. मला गणेश चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) मांडी घालून भजनाला बसायचंय, गेल्या वर्षी एकटीच खुर्चीवर बसले, फार वाईट वाटलं. करत राहू का बंद करू?"

अगं, कपोतासन आजपासून बंद, आणि तुझ्या गुडघ्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडणं तर कायमचं बंद. योगा बंद करू नकोस. चवथीला अजून अडीच महिने आहेत, मांडी घालून बसायचं जमेल असं मला वाटतं, पण तू ज्या वाटेने चाललीयस त्या वाटेने नाही.

मैत्रीण म्हणते "दुखणारच". हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की जीव घाबरा होतो. दुखणं दुखणं सारखं नसतं गं. मांडीच्या आतल्या बाजूला मधोमध ताण येतो, किंवा कुल्ल्याच्या मांसल भागात ओढल्यासारखं होतं, श्वास सोडला की जरा सैलावतं, आसन सोडलं की मिनिटभरात जातं, ते स्नायूचं आहे, ते चालतं. पण पुढून, जिथे मांडी पोटाला मिळते त्या घडीत, काहीतरी चिमटल्यासारखं, अडकल्यासारखं वाटतं, तो स्नायूचा ताण नाही, तिथे सांधा बोलतोय. तुझी टच्कन आलेली कळ, बाईकवर पाय टाकतानाची, गाडीत बसून उठतानाची, सगळी त्याच घडीतली आहे, बरोबर ना? गुडघ्यात आतून दुखणं हे तर कुठल्याच हिपच्या आसनात चालवून घ्यायचं नाही. तसंच बसायच्या हाडाजवळ अगदी एका टोकाला दुखणं, किंवा पायात मुंग्या, बधिरपणा. यातलं काही आलं की आसनातून बाहेर यायचं, दीर्घ श्वास घेऊन आणखी खोल नाही जायचं.

आता हे होतं का ते सांगते, कारण एकदा कळलं की तू स्वतःच ठरवू शकशील. शाळेत शिकलो होतो बघ, खुब्याचा, म्हणजे हिपचा, सांधा उखळीचा आणि गुडघ्याचा बिजागरीचा. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल डोका कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसतो आणि सगळ्या बाजूंना फिरतो. खोबणीच्या काठाला रबराच्या वायसरसारखी एक कूर्चा असते, तिला लॅब्रम म्हणतात. ही खोबण किती खोल, तिचं तोंड किती पुढे किती बाजूला, मांडीच्या हाडाची मान किती वळलेली, हे माणसागणिक वेगळं असतं. मोठ्या माणसात ही मान सरासरी 15 अंश पुढे वळलेली असते, पण कुणाची बरीच जास्त, कुणाची अगदी कमी, आणि जिची जास्त वळलेली तिला पाय बाहेर वळवणं मुळातच कमी जमतं. म्हणजे दोघी शेजारी बसून तेच आसन तितकीच वर्षं करतील, एकीचे गुडघे जमिनीला टेकतील आणि दुसरीचे कधीच नाही, कारण तिचं हाड हाडाला लागतं. स्नायू ताणून सैल होतो, हाड नाही होत. हाड लागल्यावरही रेटत राहिलं की मध्ये सापडते ती बिचारी लॅब्रम.

आणि गुडघा? तो बिजागरीचा, दारासारखा उघडायचा आणि मिटायचा, पीळ त्याला फारसा चालत नाही. कपोतासनात किंवा पद्मासनात पाय जेवढा वळायला हवा तेवढा खुबा वळला नाही तर उरलेलं वळण कुठून येणार? गुडघ्यातून. आतल्या गादीवर, मेनिस्कसवर, तो पीळ पडतो. फुलपाखरूत गुडघे दाबायचं तर विचारूच नकोस, मांडीचं हाड म्हणजे शरीरातलं सगळ्यात लांब हाड, त्याच्या टोकाला गुडघ्यावर दाबलं की ती पहार झाली, वरच्या टोकाला खुब्यात किती जोर पोचतो याचा दाबणाऱ्याला अंदाजच येत नाही.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीय. पंचविशीत असताना एका शिबिरात माझ्याही मांड्यांवर असाच भार दिला होता, मला वाटलं शिकवणाऱ्यांना कळत असणार, दात आवळून बसून राहिले. उजव्या गुडघ्यात कट्कन आवाज आला, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, एमआरआयमध्ये मेनिस्कस फाटलेली निघाली. पुढचे कितीतरी महिने घराच्या पायऱ्या एक एक करून, कठड्याला धरून चढले. तेव्हा मी "नको" म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं की माझे गुडघे थोडे वर राहिले असते. म्हणून तुला कळकळीने सांगते, कुठल्याही क्लासमध्ये "मला हात लावून दाबू नका, माझं मी करते" असं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला शिक्षक ते ऐकून खूशच होतो.

टेन्शन हिपमध्ये साठतं हे तू विचारलं नाहीस पण पत्रात आहे म्हणून बोलते. ताणात आपण अंग आवळतो हे खरं, सावकाश श्वास सोडत पडून राहिलं की अंग सैल होतं हेही खरं, आणि दिवसभर घर-बँक करणारी बाई पहिल्यांदा शांत पडली की डोळ्यांत पाणी येऊ शकतं, येऊ दे, छानच आहे. पण दुःख खुब्यात जाऊन बसतं आणि सांधा जोराने ताणला की बाहेर पडतं याला कसलाच पुरावा नाही. दुखतंय म्हणजे मनातलं बाहेर पडतंय असं समजून कळ सोसू नकोस.

आता आधी काय करायचं. मार्चपासून दुखतंय म्हणजे तीन महिने झाले, तेव्हा घरच्या घरी अंदाज न बांधता हाडाच्या डॉक्टरांना दाखव. म्हापशात पेडेला जिल्हा हॉस्पिटल आहे, नाहीतर बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. त्यांना नुसतं "पाय दुखतो" सांगू नकोस, बोट ठेवून जागा दाखव, कुठल्या हालचालीला कळ येते ते सांग, कपोतासनात काय झालं ते सांग, गुडघा अडकतो का, सुजतो का ते सांग. कधी पूर्वी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असशील तर ते आवर्जून सांग, कारण स्टिरॉइडने किंवा खूप दारूने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, त्याचं दुखणंही जांघेतच येतं आणि सुरुवातीला साध्या एक्सरेत दिसेलच असं नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लंगडणं, पायातली ताकद जाणं असलं काही असेल तर थांबायचंच नाही. आणि जांघेत-बैठकीच्या जागी बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला तर त्याच घटकेला हॉस्पिटल. तुझ्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण वाचणारी दुसरी कुणी असेल म्हणून लिहिते.

डॉक्टर-फिजिओ जे सांगतील ते पहिलं. त्यांनी हलका व्यायाम चालेल म्हटलं की मग पुढचं.

पहिले दोन आठवडे फक्त आडवं पडून. सकाळी उठल्या उठल्या नको, अंग आखडलेलं असतं, संध्याकाळी बँकेतून आल्यावर घरातल्या घरात आठ-दहा मिनिटं चाल, मग चार-पाच वेळा मार्जारासन (हातागुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वरखाली), मग जमिनीवर मॅट टाकून पाठीवर पड. दोन्ही पाय दुमडून पावलं जमिनीवर, जरा लांब लांब, आणि दोन्ही गुडघे एकदा उजवीकडे एकदा डावीकडे सावकाश सोड, पूर्ण खाली गेलेच पाहिजेत असं नाही. यात खुबा आतल्या बाजूला पण वळतो, आणि हे कुणी करतच नाही, सगळ्यांना फक्त बाहेर वळवायची घाई. मग सेतुबंधासन, कंबर उचलून पाच श्वास, असं आठ-दहा वेळा. याने कुल्ल्याचे स्नायू ताकदवान होतात, आणि तुझ्यासारख्या खुर्चीवाल्यांना ताणण्याइतकीच ताकदीची गरज आहे, सैल पण अशक्त सांधा हा आखडलेल्या सांध्यापेक्षा बरा असतो असं अजिबात नाही.

कपोतासनाच्या ऐवजी तेच आसन पाठीवर झोपून कर. डावं पाऊल जमिनीवर, उजवा घोटा डाव्या मांडीवर, उजव्या पायाची बोटं नडगीकडे ओढून धरलेली म्हणजे घोटा आणि गुडघा पिळत नाहीत. इथेच थांब. उजव्या कुल्ल्यात ताण आला आणि जांघेत चिमटा नाही तरच डावी मांडी हातांनी थोडी पोटाकडे घे. 30 सेकंद, दोनदा. आधी डाव्या बाजूने करून बघ, म्हणजे बरी बाजू कशी लागते ते कळेल आणि उजवीला मोजायला माप मिळेल. उजवीकडे एवढ्यानेही जांघेत टोचलं तर ते आसन सध्या तुझं नाही, सोडून दे, काही बिघडत नाही.

दोन आठवड्यांनी कळ उतरली असेल तर फुलपाखरू. पण बसायचं भिंतीला पाठ टेकून, खाली चादरीची जाड घडी किंवा पाट, टाचा अंगाशी ओढायच्या नाहीत, चांगल्या फूट-दीड फूट लांब ठेवायच्या, आणि दोन्ही मांड्यांखाली उशा. उशा म्हणजे हरणं असं वाटून घेऊ नकोस, आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, विटा, पट्टे, खुर्च्या आसनात आणल्या त्या यासाठीच, आणि आज जगभर वापरतात. मांडीला आधार मिळाला की स्नायू पकड सोडतो, हवेत लटकत ठेवली की तो घाबरून आणखी आवळतो. गुडघे वरखाली फडफडवायचे नाहीत, व्हिडिओत कितीही करू देत. एक मिनिट, मग पाय लांब करून झटक, पुन्हा एक मिनिट.

खुर्चीत बसून आवळतो तो खुब्याचा पुढचा भाग, त्यासाठी अंजनेयासन: डावा पाय पुढे, उजवा गुडघा मागे चादरीच्या घडीवर, आणि पुढे झुकायच्या आधी माकडहाड खाली सोडून उजवा कुल्ला आवळ, बस, तेवढ्यानेच उजव्या जांघेच्या पुढे ताण येईल, दूर जायची गरजच नाही. मग दुसरी बाजू. मलासन, म्हणजे आपलं उकिडवं बसणं, ते शेवटी ठेव आणि टाचांखाली टॉवेलची गुंडाळी घे, कारण खूपदा हिप नाही तर घोटाच आखडलेला असतो. जांघेत चिमटलं तर खाली छोटं स्टूल घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. रात्रीत नाहीसं झालं तर ठीक. 24 तासांनंतरही दुखत राहिलं तर केलं ते जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं. आठवड्यात चार दिवस पुरे, रोज नको.

एक गोष्ट क्लासबद्दल. वाळूवर मॅट टाकली की टाच एकीकडे रुतते, कंबर एका बाजूला झुकते आणि आपल्याला कळत पण नाही, आणि किनाऱ्यावरच्या उकाड्यात अंग इतकं सैल लागतं की रोजच्यापेक्षा पुढे जातो. ऑक्टोबरनंतर परत जाणार असशील तर घट्ट जमिनीवरचा क्लास बघ, आणि पहिल्याच दिवशी शिक्षकांना खुब्याचं सांग. त्यांनी वेगळी आसनं सुचवली तर तिथे थांब, "सगळं होईल" म्हणाले तर दुसरीकडे जा.

जिची बाळंतपण होऊन थोडेच महिने झालेत तिने, जिला जांघेच्या मधल्या हाडात दुखतं तिने, जिचं अंग मुळातच लवचिक आहे, अंगठा मागे मनगटाला लागतो अशी, तिने पण खोल ताणायचं नाही, ताकदीचं करायचं. खुबा बदलायचं ऑपरेशन झालेल्यांनी तर सर्जनला विचारल्याशिवाय मांडी सुद्धा घालायची नाही.

आता तुझी आई. तू तिच्याशी तुलना करून मन दुखवून घेतेस म्हणून जरा थांबून लिहिते. तुझी आई लहानपणापासून जमिनीवर बसून जेवली, निवडलं, कातलं, दिवसातून पन्नास वेळा खाली बसली आणि उठली, तो सराव आहे, कुठलाही स्ट्रेच नाही. तू वीस वर्षं खुर्चीत. आणि आदोळी नीट बघ एकदा, आई जमिनीवर बसतच नाही! फळीवर बसते, जमिनीपासून चांगली चार-सहा बोटं वर, एक पाय दुमडलेला, एक गुडघा वर, मध्येच पाय बदलते. कंबर दुमडलेल्या गुडघ्यापेक्षा उंच, म्हणून पाठ सरळ राहते आणि खुब्याला जागा मिळते. शिबिरात आम्हाला हे समजवायला कितीतरी दिवस लागले, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात ते कायमचंच आहे.

तर चवथीसाठी तेच करायचं. पाट घे, त्यावर चादरीची घडी, एकूण पाच-सहा इंच उंची, गुडघे कमरेच्या खाली किंवा निदान बरोबरीने आले पाहिजेत, गुडघ्यांखाली पोकळी राहिली तर तिथे टॉवेल. साधी मांडी, पाय एकावर एक चढवायचे नाहीत, पद्मासन नाही, अर्धपद्मासन पण नाही. कळ उतरली की पहिल्या आठवड्यात 5 मिनिटं, टीव्ही बघताना, भाजी निवडताना, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत न्यायची. पतंजलींनी आसनाबद्दल तीन शब्दांत सांगितलंय, स्थिर, सुख, आसन, सांध्याला चिमटा घेऊन स्थिर पण राहता येत नाही आणि सुख तर नाहीच.

तोपर्यंत रोजची कळ वाढू नये म्हणून काही. बाईक घराच्या पायरीला लावायला सांग नवऱ्याला, तू पायरीवरून बस, पाय कमी उचलावा लागेल. गाडीत बसताना आधी बैठक टेकव, मग दोन्ही पाय एकत्र आत, उतरताना उलट. बँकेत खुर्ची जरा उंच कर, पायावर पाय टाकून बसू नकोस, अर्ध्या-पाऊण तासाने उठ, कॅशच्या गर्दीत जमत नाही हे मला माहीत आहे, पण निदान पाणी प्यायला म्हणून तरी. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी.

आणि माटोळीखाली बसशील तेव्हा एका अभंगाला उजवा पाय आत, पुढच्याला डावा. मध्ये एखादा अभंग पाय लांब करून बस, भिंतीजवळची जागा आधीच धरून ठेव. फुगडीला मात्र या वर्षी टाळ्या वाजवायला उभी राहा, गरगर फिरताना एका पायावर जो पीळ पडतो तो तुझ्या खुब्याला इतक्यात नको. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला नक्की कळव, एमआरआय करायला सांगितला तर रिपोर्टमध्ये काय आलं तेही लिही, त्याप्रमाणे यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते मग बघू.